टाचेकाका आणि हसलवाला

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की दुकानदार आधी त्याचं तोंड बघतो, फार तर खिसा बघतो. टाचेकाका टाच बघायचे. बुटांच्या दुकानात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, तेही दुसऱ्याच्या पायाशी, बुटक्या स्टुलावर बसून. गिऱ्हाइकाने जुना बूट काढला की ते तो हातात घेत, उलटा करत, टाचेवरून अंगठा फिरवत आणि मगच मान वर करत. "बाहेरच्या अंगाने झिजलाय. घाईचा स्वभाव दिसतो तुमचा." किंवा, "डावा जास्त गेलाय. उजवा गुडघा दुखतो का हो?" लोक चाट पडत. हा बूटवाला की ज्योतिषी! त्यावरून टाचेकाका हे नाव पडलं आणि असं चिकटलं की खरं नाव फक्त बायकोला आणि बँकेला ठाऊक राहिलं.

टाचेकाकांचं एक ब्रीद होतं. तोंड खोटं बोलतं, टाच बोलत नाही. हे ब्रीद त्यांना अधूनमधून नडायचंही. एकदा एक जोडपं आलं. बाई कौतुकाने सांगत होत्या, डॉक्टरांनी सांगितल्यापासून हे रोज सकाळी मैलभर फिरून येतात, बूट टिकतच नाहीत बघा. काकांनी बूट उलटा केला आणि जीभ आवरायच्या आत बोलून गेले, "हा बूट तर कोपऱ्यावरच्या बाकाच्या पुढे गेलेलाच नाही!" झालं. नवरा-बायकोचं तिथेच जुंपलं. दोघं एका दारातून आत आले होते, बाहेर पडताना दोघांच्या मध्ये दुकानाचं सगळं फर्निचर होतं. मालकांनी कपाळावर हात मारला. "अरे, तू बूट विकायला बसलायस की घरं मोडायला?"

तर अशा माणसाच्या डोक्यात संशय नसेल तर काय असेल? दूधवाला म्हणाला, "काका, आज दूध एकदम चांगलंय," की हे विचारणार, "म्हणजे काल कसं होतं?" भाजीवालीने एक मिरची वर टाकली तर घरी येऊन ती आधी मोडून बघणार. घरी काकू म्हणायच्या, "यांना देव भेटला तरी आधी त्याची पादत्राणं बघतील."

विकायच्या बाबतीत मात्र काका अगदी सोवळे. गिऱ्हाइकाचा हात धरायचा नाही, वाट अडवायची नाही, 'शेवटचाच जोड राहिलाय हो' असं रडगाणं गायचं नाही. जुन्या मालकांनी त्यांना एकच विद्या शिकवली होती. पहिला जोड आपणच मागे ओढायचा. गिऱ्हाईक एखाद्या बुटावर भाळलं की म्हणायचं, "हा घेऊ नका, चावेल." मग त्याचं मन लोण्यासारखं मऊ होतं. वाटतं, हा माणूस आपला आहे. त्यानंतर जो जोड पुढे ठेवाल तो तो डोळे मिटून घेतो. दुकानात याला 'पहिला जोड सोडणं' म्हणत. काकांनी ही विद्या इतकी घोटली होती की झोपेतसुद्धा कुणी बूट दाखवला असता तर त्यांनी 'चावेल' म्हटलं असतं.

काकांना एकच मुलगी. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. बापाचं नाक आणि आईची जीभ, दोन्ही घेऊन आलेली. एका संध्याकाळी जेवता जेवता तिने सांगून टाकलं.

"बाबा, रविवारी एकाला घरी बोलावलंय."

"कोणाला?"

"शेजारच्या दुकानात असतो. मला आवडतो."

काकांचा घास हातातच राहिला. "शेजारचं दुकान कसलं?"

"कानाच्या मशीनचं. ऐकू कमी येतं ना लोकांना, त्यांच्यासाठी."

"विकणारा आहे?"

"तुम्ही काय न्यायाधीश आहात?" काकू आतून म्हणाल्या.

मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, तुमचा होकार नसला तर मी लग्न करणारच नाही, असं काही मी म्हणत नाही. पण होकाराशिवाय केलं तर आयुष्यभर सलेल मला. म्हणून नीट बघा त्याला. फक्त बघा, तपासणी नको."

काकांनी मान हलवली खरी. पण मांजराला दूध राखायला बसवून चाटू नको म्हणण्यातलाच तो प्रकार.

रविवारी पोरगा आला. नीटनेटका, बोलका, खांद्याला कंपनीची बॅग, बॅगेवर ठळक इंग्रजी अक्षरं. काकांना इंग्रजी वाचता यायचं ते बुटांच्या खोक्यांवरचं. हे अक्षर ओळखीचं वाटेना.

"काम कसं चालतं?" काकांनी विचारलं.

"दुकानात असतो काका, आणि लोकांच्या घरीही जातो. म्हाताऱ्या माणसांना कुठे जिने उतरायला लावायचं? थोडक्यात, हसल चालू असतं."

"काय चालू असतं?"

"हसल." त्याने बॅगेवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "म्हणजे धडपड हो. थांबायचं नाही, मागे लागायचं. आजकाल सगळे म्हणतात. आमचे साहेब तर रोज सकाळी आम्हाला उभं करून म्हणायला लावतात."

'मागे लागायचं' हे शब्द काकांच्या कानात खड्यासारखे टोचले. ते पाणी आणायच्या निमित्ताने उठले, दाराशी गेले, आणि पोराचा बूट उचलून उलटा केला. टाच कोरी! घरोघर जिने चढणाऱ्या माणसाची टाच कोरी?

तो गेल्यावर काकांनी हे मुलीपुढे मांडलं, वकिलाने पुरावा मांडावा तसं.

"बाबा, तुम्हाला भेटायचं म्हणून बिचाऱ्याने नवे बूट घेतले!"

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "टाच लपवली."

त्या शब्दाने त्यांना काही स्वस्थ बसू दिलं नाही. ओळखीत एक निवृत्त इंग्रजीचे मास्तर होते. मास्तरांचा पाय बदकासारखा रुंद, त्यामुळे जगात फक्त टाचेकाकाच त्यांना बूट देऊ शकत. त्या उपकारापोटी मास्तर काकांना कधीही दार उघडत. काकांनी शब्द सांगितला तसा मास्तरांनी उशीएवढा जाड कोश मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि आनंदाने हात चोळले. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता.

"मूळ डच लोकांचा हो हा शब्द. त्यांच्याकडे अर्थ, हलवणं, खुळखुळवणं. टोपीत नाणी टाकायची, टोपी खुळखुळवायची आणि पालथी घालायची. कुणाची बाजू वर येते ते बघायचं."

"म्हणजे जुगार," काका म्हणाले.

"खेळ म्हणा. मग इंग्रजांकडे आला आणि अर्थ झाला ढकलणं. गर्दीत रेटारेटी करणं."

"पुढे?"

"पुढे... अं... पाकीटमारांच्या टोळ्या असायच्या. एकाने माणसाला धक्का द्यायचा, दुसऱ्याने खिसा साफ करायचा. त्यालाही हाच शब्द."

काकांनी मांडीवर थाप मारली. "वाटलंच मला!"

"अहो, थांबा. समुद्र ओलांडून तो अमेरिकेत गेला. तिथे जरा कामाला लागला. धडाडीने पैसा मिळवणं, माणसाच्या मागे लागून माल गळ्यात मारणं. मग आणखी एक अर्थ..." मास्तर खोकले आणि पान उलटलं. "तो तुमच्या कामाचा नाही."

"कोणता?"

"राहू द्या हो."

"मास्तर, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे. कोणता अर्थ लपवताय?"

"अहो, रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दल आहे तो! तुमच्या पोराचा काय संबंध?" मास्तर कानापर्यंत लाल झाले. "आणि मग एक नाचही निघाला या नावाचा. आता तर कॉलेजची पोरं अभिमानाने म्हणतात, आम्ही हसल करतो. म्हणजे कष्ट करतो. शब्दांचं माणसासारखंच असतं बघा. तरुणपणी उनाडक्या करतात आणि म्हातारपणी सभेत अध्यक्ष होतात."

"पण मूळ तर पाकीटमार."

"मूळ टोपी हो! तुम्ही मधलंच पान फाडून घेऊन चाललात."

पण काका चपला घालून निघाले होते. वाटेत त्यांनी नाचवाला अर्थ सोडून दिला आणि कष्टवालाही. धक्का देणारा एक आणि खिसा साफ करणारा दुसरा, एवढंच डोक्यात घेऊन ते घरी पोचले.

आता पोराची परीक्षा घ्यायची. पण काकांचं तोंड पोराने पाहिलेलं. म्हणून काकांनी मामांना गाठलं. मामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. छापखान्यात मोठ्या यंत्रावर आयुष्य काढलेले, आणि कान त्या यंत्रालाच अर्पण केलेले. त्यांना आपल्या बहिरेपणाचा फार अभिमान. कुणी मोठ्याने बोललं तर म्हणत, "ओरडू नका, कष्टाचे कान आहेत हे!" काकांनी त्यांना सांगितलं, जा, त्या दुकानात त्या पोराकडे गिऱ्हाईक म्हणून बसा आणि तो काय काय गळ्यात मारतो ते येऊन सांगा. सांगताना इतकं ओरडावं लागलं की खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही सगळं ऐकलं. मुलगी कामावर होती, एवढं नशीब.

मामा परत आले ते तणतणतच.

"मळ म्हणतो! माझ्या कानात मळ! मी रोज आंघोळ करणारा माणूस!"

"काय झालं ते नीट सांगा."

"नळी घातली, बत्ती लावली, आत डोकावला. आणि म्हणतो, 'आजोबा, मशीन घेऊ नका. आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन मळ काढून घ्या. मग कदाचित मशीन लागणारही नाही.' आजोबा म्हणाला मला!"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघा. चांगला आहे की हो पोरगा."

काका मात्र खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकत होते. "घेऊ नका म्हणाला? पहिल्याच भेटीत?"

"हो."

"अस्सं! म्हणजे पक्का आहे. मला वाटलं होतं कच्चा असेल. अगं, हा तर पहिला जोड सोडतोय! आता बघ, मामा पुन्हा गेले की ड्रॉवरमधून भारीतलं मशीन कसं बाहेर येतं ते."

"आणि नाही आलं तर?"

"येणार. मी काय आज या धंद्यात आहे?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, इथे साव माणसाच्या मनात ते पडलं होतं. पोराने विकायची घाई केली असती तर काका म्हणाले असते, बघा, मागे लागतो. पोराने नाही विकलं तर म्हणत होते, बघा, किती मुरलेला. बूट विकणाऱ्याला 'घेऊ नका' हे शब्द साधे ऐकूच येत नाहीत. लोहाराला जसं हातोड्याचा आवाज ऐकला की लोखंड तापलंय असंच वाटतं.

पुढच्या आठवड्यात, मुलगी सुट्टी घेऊन मैत्रिणीकडे गेली होती त्या दिवशी, मामांना पुन्हा धाडलं. या वेळी हुकूम असा, की मशीन पाहिजेच म्हणून अडून बसायचं. मामा अडून बसण्यात जन्मजात वाकबगार. त्यांनी दुकानात जाऊन असा आवाज लावला की रस्त्यावरची माणसं थांबली. "मला मशीन द्या! माझे कान कष्टाचे आहेत!" पोरगा हळू आवाजात समजावत राहिला. मामांना हळू आवाज ऐकूच येत नव्हता. शेवटी आतल्या काचेच्या खोलीतून साहेब बाहेर आले, मामांना हाताला धरून आत नेलं, आणि मामा बाहेर आले ते कानात मशीन घालूनच.

घरी येईपर्यंत त्या मशीनची शिट्टी चालू होती. मामा मान वळवत तसा आवाज चढे-उतरे. जणू कुणी कुकर कडेवर घेऊन फिरतंय.

"तो पोरगा काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"नकोच म्हणत होता. साहेबांनी दिलं."

काका उठून उभे राहिले. मास्तरांच्या मांडीवरचं ते पान त्यांच्या डोळ्यापुढे उघडलं. एकाने धक्का द्यायचा, दुसऱ्याने खिसा साफ करायचा. "जोडी आहे ही! एक 'नको नको' म्हणून विश्वास जिंकतो आणि दुसरा आत नेऊन विकतो. आता बोला!"

मुलगी आली तेव्हा काका बोलले, आणि फार बोलले. टोपी, नाणी, धक्का, खिसा, सगळं आलं. शेवटी म्हणाले, "माझा होकार नाही."

मुलीने मामांकडे बघितलं, मामांच्या कानाकडे बघितलं, आणि तिचा चेहराच बदलला.

"मामांना तुम्ही पाठवलं होतं?"

"हो. तुझ्याच भल्यासाठी."

"बाबा, त्याला आज कामावरून काढलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला नको म्हणाला म्हणून. सगळ्यांसमोर. मला म्हणाला, कोणी एक आजोबा होते, फार ओरडत होते."

मामांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. ते तिथेही थोडा वेळ शिट्टी मारत राहिलं.

"काढलं असं तो सांगतो," काका म्हणाले. शब्द तोंडातून निघाले तसे त्यांना स्वतःलाच कसंसं वाटलं, पण निघालेले शब्द आणि विकलेला बूट परत कुठे घेता येतो?

मुलगी खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी मामीने मामांना दंड धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळी मामा आले ते दबक्या पावलांनी, आणि दाराशीच म्हणाले, "तुमचा पंखा किती आवाज करतो हो!" दोन्ही कान मोकळे झाले होते. आयुष्यभर ज्याला ते कष्ट म्हणत आले, त्यातला बराचसा भाग डॉक्टरांच्या वाटीत निघाला होता. मामांचं तोंड उतरलेलं. "घरी तुमची वहिनी दिवसभर काय पुटपुटत असते ते आता सगळं ऐकू येतं," ते म्हणाले, "पूर्वीचंच बरं होतं."

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अहो, तुम्ही जन्मभर लोकांना 'हा घेऊ नका, चावेल' म्हणालात."

"हो, मग?"

"त्यातले किती बूट खरंच चावणारे होते?"

काकांनी आठवून बघितलं. तो अरुंद पंजाचा काळा बूट, ज्याला ते कायम मागे ओढायचे. ती उंच टाचेची चप्पल, जिची पट्टी घोट्याला कापायची. "सगळेच," ते शेवटी म्हणाले. "अगं, चांगला बूट मी कशाला सोडीन? मालक म्हणायचे कुठलाही सोड. पण मी आपला चावणाराच सोडायचो. चांगल्या बुटाला चावेल म्हणायला जीभ वळायची नाही."

"मग," काकूंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली, "त्या पोराची जीभ तेवढी वळत असेल, असं का वाटतं तुम्हाला?"

त्यावर टाचेकाकांनी चपला घातल्या. काकूंनी विचारलंही नाही, कुठे निघालात.

आधी ते कानाच्या दुकानात गेले. संशय इतक्या लवकर मरत नाही, तो मांजरासारखा चार घरं फिरून येतो. काकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, पोरगा खरंच तिथे नाही ना. नव्हता. त्याच्या खुर्चीवर कंपनीच्या बॅगा रचल्या होत्या. काका वळणार तेवढ्यात साहेबांनी त्यांचं कोपर पकडलं.

"या, या, बसा! तुमच्या वयात बहिरेपण चोरपावलांनी येतं!"

"मला ऐकू येतं."

"सगळे असंच म्हणतात!" म्हणून साहेबांनी त्यांना खुर्चीत दाबून बसवलं, डोक्यावर कानटोपीसारखं काहीतरी चढवलं आणि समोर खोकं उघडलं. "हे घ्या. आमच्याकडचं सगळ्यात भारी."

"माझ्या कानात बघणार नाही का आधी?"

"बघायचं काय त्यात?"

काकांनी उभ्या जन्मात कुणाचा पाय न बघता बूट पुढे केला नव्हता. त्यांनी डोक्यावरचं ते काढून ठेवलं. "तुमच्याकडे एक पोरगा होता ना?"

"होता. काढला त्याला. मशीन द्या म्हणून माणूस बोंबलतोय आणि हा म्हणतो नको! अहो, नको म्हणायचा पगार देतो का मी? सकाळी सगळ्यांबरोबर हसल हसल म्हणायचा आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्या कानात डोळा घालून बसायचा."

तरीसुद्धा काकांच्या मनात एक किडा वळवळला. हा साहेबही नाटकात सामील असेल तर? पोराने सांगून ठेवलं असेल तर? दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी हा सगळा डाव मनात मांडून बघितला. त्यात मामा, मामी, कानाचे डॉक्टर, साहेब, पोरगा आणि वाटीतला मळ, इतके सगळे सामील व्हावे लागत होते. मग मात्र काकांना रस्त्यातच हसू फुटलं. एवढी माणसं एका बूटवाल्याला फसवायला जमली असतील तर मुलगी देऊन टाकलेलीच बरी.

पोरगा एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. खालून शिलाई मशीनची घरघर वर येत होती. दार उघडंच होतं आणि तो शर्टाला इस्त्री करत होता, उद्या नोकरीसाठी कुठेतरी भेटायला जायचं होतं म्हणून. काकांना बघून तो इस्त्री शर्टावर तशीच विसरला आणि मग हाय हाय करत ती उचलली.

"ते ओरडणारे आजोबा," काका उभ्या उभ्याच म्हणाले, "माझे मेहुणे आहेत. मी पाठवले होते."

"माहीत आहे काका."

काकांच्या कपाळावर आठी पडली ती पडलीच. "कधी कळलं?"

"दुसऱ्यांदा आले तेव्हा. ओरडता ओरडता म्हणाले, 'माझ्या मेहुण्यांनी सांगितलंय, मशीन घेतल्याशिवाय यायचं नाही.' मग मीही ओरडून विचारलं कोण मेहुणे. तर म्हणाले, टाचेकाका. तिला मात्र मी हे सांगितलं नाही."

काका मनातल्या मनात मामांच्या नावाने काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आठी तशीच होती. "म्हणजे तुला ठाऊक होतं, मी परीक्षा घेतोय. म्हणून नको म्हणालास."

"हिशेब केला होता ना काका." पोरगा सरळ बोलला. "विकलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. नाही विकलं तर साहेब नाही म्हणणार. दोन्हीकडून मेलो. मग म्हटलं, कानात मळ आहे तर मळच म्हणावं."

खालची शिलाई मशीन थांबली. काका त्या पोराकडे बघत राहिले, खूप वेळ, आणि या वेळी तोंडाकडेच बघत राहिले.

"माझा होकार आहे," ते म्हणाले.

पोराने इस्त्री बंद केली. "कशाला?"

"कशाला म्हणजे? लग्नाला!"

"काका, माझी नोकरी गेलीय. हे कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय."

"मग आज होकार? नोकरी होती तेव्हा नव्हता." त्याने डोळे बारीक केले. "तुम्हाला माझी दया तर आली नाही ना? की ती घर सोडून जाईन म्हणाली?"

"अरे बाबा, खरंच सांगतोय!"

"तसं सगळेच म्हणतात काका," पोरगा म्हणाला, आणि त्याने फोन लावला. काकांना पलीकडचा आवाज ऐकू येत होता. आधी ती म्हणाली, बाबा तिथे कसे? मग म्हणाली, त्यांनी तुला काही बोलून दुखावलं नाही ना? आणि मग, फोन त्यांना दे.

"बाळ, मी होकार द्यायला आलोय."

"आईने पाठवलं?"

"नाही गं. आपण होऊन आलो."

"मास्तरांनी दुसरा अर्थ सांगितला?"

"नाही!"

"बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला? घाम वगैरे येत नाहीये ना?"

टाचेकाकांनी आयुष्यात कुणाचं कोपर धरलं नव्हतं, कुणाची वाट अडवली नव्हती. माल चांगला असला की आपोआप जातो, असं ते मानत आले. आता हातातला सगळ्यात चांगला माल कुणी घेईना. ते फोनमध्ये अक्षरशः ओरडले, "अगं, घे ना! असा होकार परत मिळायचा नाही! तुझ्या आईची शपथ! मामांची शपथ! आता काय कागदावर लिहून देऊ?"

फोन पोराकडे गेला. तो थोडा वेळ "हं, हं" करत राहिला, मग फोन खाली ठेवून जरा ओशाळून म्हणाला, "काका, ती म्हणतेय विचार करून सांगते."

"मग सांगू दे," काका म्हणाले, आणि त्या खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर ठाण मांडून बसले. "मी काही उत्तर घेतल्याशिवाय इथून हलत नाही. तू चहा टाक."